हात टेकवून चढताना : गिरडच्या टेकडीवरचा पाठ

वर्धा जिल्हा बहुतेक सपाट, म्हणून आपल्या मुलांना खडक चढायची सवयच नसते. मागच्या सहलीत सहावीतला एक मुलगा दीड पुरुष उंच खडकावर सरसर चढला आणि वर जाऊन रडायला लागला. उतरता येईना! तेव्हापासून मी आधी उतरणं शिकवतो. कमरेएवढ्या खडकावर, तोंड खडकाकडे करून, पाय चाचपत. दोन हात, दोन पाय यांपैकी तीन पक्के टेकलेले, एकच हलवायचा.

समुद्रपूर तालुक्यातली गिरडची टेकडी यासाठी चांगला धडा आहे. शेख फरीद बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी तिथली दंतकथा. ते गोटे म्हणजे लाव्ह्याच्या पोकळ्यांत तयार झालेल्या झिओलाइटच्या गाठी. मुलांना गोष्ट आणि भूगोल दोन्ही सांगा. पण असे सुटे, गोल गोटे पायाखाली घरंगळतात, हेही दाखवा. दगडावर भार टाकण्याआधी तो हलवून पाहायचा. एकामागे एक थेट चढायचं नाही, वरचा गोटा खालच्याच्या डोक्यात बसतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकावर नेऊच नका. आणि हो, घाबरलेल्या मुलाला “चल रे, काही होत नाही” म्हणू नका. त्याच्या खाली उभे राहून पाय कुठे ठेवायचा ते सांगा.