उष्णतेची लाट आणि शेतकरी कुटुंबाचा दिवस

विदर्भातील शेतकऱ्याला ऊन नवे नाही. नागपूर, चंद्रपूर, वर्धा, अकोला, ब्रह्मपुरी ही नावे एप्रिल-मे महिन्यांत देशातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत वारंवार येतात. तरीही येथील शेती, गोठा आणि घरसंसार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. याचे श्रेय येथील दिवसाच्या मांडणीला दिले पाहिजे. पहाटे काम, दुपारी विसावा व ऊन कलल्यावर पुन्हा काम, ही रीत कोणत्याही परिपत्रकावाचून रूढ झाली. उन्हाळ्याच्या दृष्टीने ती आजही सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक उपाययोजना आहे.

परंतु या मांडणीचा लाभ कुटुंबातील सर्वांना सारखा मिळतो काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. बैलाला दुपारी सावली मिळते, घरधन्याला ओसरी मिळते. घरातील स्त्रीला आणि मजुरीने आलेल्या बाईला दुपार मिळते का? प्रस्तुत लेखात विदर्भातील कोरडवाहू शेतकरी कुटुंबाचा मे महिन्यातील दिवस नमुन्यादाखल समोर ठेवून याचा विचार केला आहे.

लाट कशास म्हणतात?

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असले, तर ती उष्णतेची लाट होय. हा फरक ६.४ अंशांहून अधिक असल्यास लाट तीव्र समजली जाते. सरासरी कितीही असो, प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेले की लाट व ४७ अंशांवर गेले की तीव्र लाट मानतात. ही स्थिती हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस आढळल्यास लाट घोषित होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वृत्तपत्रात येणारे तापमान झडपांच्या पांढऱ्या पेटीत, म्हणजे सावलीत मोजलेले असते. शेतकरी मात्र उघड्या रानात असतो. ४५ अंशांच्या दिवशी नांगरलेल्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांपलीकडेही तापू शकतो. धसकटे वेचण्यासाठी दिवसभर वाकणारी बाई त्या जमिनीच्या सर्वांत जवळ असते.

लाट पूर्वी वैशाखातील पाहुणी समजली जाई. आता तिचा भरवसा राहिलेला नाही. २०२२ सालचा मार्च महिना कमाल तापमानाच्या सरासरीच्या दृष्टीने देशात १९०१ पासूनचा सर्वाधिक उष्ण मार्च ठरला. शरीराला उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून हंगामातील पहिली, अवेळी आलेली लाट अधिक घातक ठरते.

पहाटे ते दुपार

कपाशीचा हंगाम आटोपून पऱ्हाटी उपटली की रान मोकळे होते. त्यानंतर नांगरट, वखरणी, काडीकचरा व धसकटे वेचणे, शेणखत पसरणे, बांध दुरुस्त करणे ही कामे मृग नक्षत्रापूर्वी उरकावी लागतात. या कामांना ऊन लागतेच. खोल नांगरटीने जमिनीतील किडींचे कोष वर येतात, ते उन्हाने व पाखरांच्या चोचीने नष्ट होतात. उन्हाळी मशागत टाळता येत नाही. तिची वेळ तेवढी हाती असते.

घरचा पुरुष पहाटे चार-साडेचारला उठून बैलांना वैरण-पाणी करतो व उजाडताच जुंपतो. नऊ-दहाच्या सुमारास बैल सुटतात. त्यानंतर कडुनिंबाची किंवा आंब्याची सावली. अनुभवी शेतकरी या वेळेनंतर बैल जुंपत नाही, कारण तापलेला बैल पुढे आठ दिवस कामाचा राहत नाही हे त्यास ठाऊक असते.

कायद्यानेही हेच सांगितले आहे. ओढकाम व ओझेवाहू जनावरांविषयीच्या १९६५ सालच्या केंद्रीय नियमांनुसार तापमान ३७ अंशांवर असलेल्या भागात दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावरास गाडी ओढण्यास वा ओझे वाहण्यास लावता येत नाही. दिवसाकाठी ९ तासांहून अधिक, आणि विश्रांतीवाचून सलग ५ तासांहून अधिक काम घेण्यासही मनाई आहे. शेतकऱ्याची समजूत व शासनाचा नियम येथे एकाच निष्कर्षाला आले आहेत. हाच न्याय माणसाला लावून पाहिला, म्हणजे पुढील चित्र डोळ्यांत भरते.

दुपार नसलेला दिवस

घरची स्त्री पुरुषाच्या आधी उठते. झाडलोट, पाणी भरणे, दूध काढणे, चूल पेटवून भाकरी थापणे हे सारे उजाडेपर्यंत चालते. चुलीपुढचा तास हा तिचा दिवसातील पहिला उन्हाळा. त्यानंतर ती शेतावर जाते व अकरा-बाराला परतते. पुरुष ओसरीवर आडवा होतो, तेव्हा तिचे दुसरे काम सुरू होते. शेवया, कुरडया, पापड, सांडगे हा वर्षाचा साठा याच दिवसांत करावा लागतो व त्याला कडक ऊनच हवे असते. सायंकाळी पुन्हा पाणी, पुन्हा गोठा, पुन्हा चूल. चुलीजवळच्या खोलीवर टिनाचे छप्पर असेल, तर आतली उष्णता बाहेरच्या उन्हाला मागे टाकते.

मजुरीवर जाणाऱ्या बाईची स्थिती याहून बिकट आहे. आपले घरकाम उरकल्यावरच ती निघू शकते, म्हणून अनेक गावांत बायकांच्या मजुरीची वेळ सकाळी दहाच्या सुमारास सुरू होऊन सायंकाळी पाचपर्यंत चालते. म्हणजे बैल सुटतो तेव्हा ती रानात उतरते. काम उक्ते घेतलेले असेल तर थांबलेला प्रत्येक घटका मजुरी कमी करतो. साहजिकच पाणी पिण्यासाठीही ती थांबत नाही. जवळपास आडोसा नसल्याने लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी कमी पिणाऱ्या स्त्रिया तर सर्वत्र आढळतात. उन्हाळ्यात ही सवय जिवावर बेतू शकते.

शरीर काय सांगते?

शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राहिले पाहिजे. बाहेरची हवा त्याहून तापली की शरीरापाशी घाम हा एकच मार्ग उरतो. घाम वाळताना त्वचेची उष्णता घेऊन जातो. कष्टाच्या कामात तासाला एक लिटरपर्यंत व कधी त्याहूनही अधिक घाम जातो. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो तत्काळ वाळत असल्याने आपण किती पाणी गमावले हे कामकऱ्याला समजत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी थोडे पाणी पिणे हाच यावर उपाय. ताक, आंब्याचे पन्हे, ज्वारीची आंबील यांतून पाण्याबरोबर मीठही मिळते. घरगुती जलसंजीवनीचे प्रमाण प्रत्येक घरात पाठ असावे: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

मृगाच्या तोंडावर हवेत दमटपणा वाढतो. तापमान चार अंशांनी उतरलेले असते, परंतु घाम वाळत नाही. पेरणीच्या घाईत ही गोष्ट विसरली जाते आणि धोका टळला असा समज होतो.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, घेरी ही पहिली सूचना होय. अशा माणसाला सावलीत बसवून पाणी द्यावे व त्या दिवशी पुन्हा कामास लावू नये. तो असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नये. कष्ट करताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओले असू शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत हातावर हात धरून बसू नये. कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काख व जांघेत ओले फडके ठेवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

गोठा आणि बाग

वर्धा भागातील गवळाऊसारखे देशी जनावर ऊन सोसते. होल्स्टिन संकरित गाय ते सोसत नाही. तिला धाप लागते, चारा सुटतो व दूध आटते. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून तिला डुंबणे किंवा अंगावर पाणी मारणे आवश्यक असते. चारा पचताना पोटात उष्णता निर्माण होते. यास्तव मुख्य वैरण पहाटे व रात्री द्यावी. पाणी सावलीत व दिवसभर उपलब्ध असावे. गोठ्याच्या टिनावर चुना फासला तरी आतील ताप कमी होतो. टिनावर पऱ्हाटी वा कुटार पसरण्याची रीत गारवा देते. मात्र आगीचे भय ध्यानी घेऊन विजेच्या तारा व चूल यांपासून ते दूर असावे.

वरुड, मोर्शी, काटोल पट्ट्यातील संत्रा बागाईतदारासमोर निराळा पेच असतो. आंबिया बहाराची कोवळी फळे मे महिन्यात झाडावर असतात व लाटेत गळतात. त्यांना पाणी हवे असते, तेव्हाच विहिरी तळ गाठतात. झाडाच्या आळ्यात वाळलेल्या पालापाचोळ्याचे आच्छादन व ठिबक सिंचन यांनी उपलब्ध पाणी अधिक दिवस पुरते.

रात्रीची झोप

दिवसाचा ताप शरीर रात्री फेडते. म्हणून हवामान विभाग 'उष्ण रात्री'चीही नोंद घेतो: कमाल तापमान ४० अंश वा अधिक असताना किमान तापमान सरासरीहून ४.५ अंश किंवा त्याहून अधिक चढले, की ती रात्र उष्ण मानली जाते. मातीच्या भिंती व कवेलूंची जागा सिमेंटच्या स्लॅबने घेतल्यापासून घरे रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. त्यातच कृषिपंपाची वीज रात्रपाळीने येत असेल, तर घरातील एक माणूस ओलितासाठी जागतो आणि पहाटे तोच नांगर धरतो. दिवसा वीज देण्याचा हेतू ठेवून २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे या अंगानेही पाहिले पाहिजे. दिवसा मिळालेली वीज ही शेतकऱ्याला परत मिळालेली झोप होय.

गावाचे उन्हाळी वेळापत्रक

उन्हाप्रमाणे घड्याळ बदलणे शासनाला अपरिचित नाही. उन्हाळ्यात शाळा सकाळी भरतात आणि जून महिन्यात विदर्भातील शाळा उर्वरित राज्याहून उशिरा उघडतात. मुलांसाठी जे आपण केले, ते कष्टकऱ्यांसाठी करता येण्याजोगे आहे. त्यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीने उन्हाळी वेळापत्रक ठरवावे.

हा विषय १ मेच्या ग्रामसभेत आल्यास उशीर झालेला असतो. तो २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे आणि तत्पूर्वी महिलांच्या सभेपुढे ठेवावा, कारण दुपार कोणाची हरवली आहे हे तेथेच कळेल. सकाळी सहा ते अकरा व सायंकाळी साडेचारनंतर, असे मजुरीचे तास गावाने एकमताने ठरवावेत आणि त्यापोटी मजुरी कापली जाऊ नये. परंतु केवळ तास बदलून स्त्रीला सकाळी सहाला निघता येणार नाही. नळाचे पाणी पहाटे सोडणे, अंगणवाडी लवकर उघडणे व घरातील पुरुषाने पाणी आणि गोठा यांचा भार उचलणे, या तीन गोष्टी सोबत असल्या तरच ते शक्य होईल.

समाजमंदिर, शाळेची पडवी किंवा चावडी दुपारी सर्वांसाठी खुली असावी व तेथे रांजण भरलेला असावा. अक्षय्य तृतीयेला पाण्याचा घट दान करण्याची आपली परंपरा आहे. त्या दिवशी पाणपोई सुरू करणे हे तिचेच सार्वजनिक रूप ठरेल. एकटे राहणारे वृद्ध, गर्भवती व आजारी यांची यादी आशा कार्यकर्तीकडे असावी आणि लाटेच्या दिवशी त्यांच्या दारी कोणी जायचे, हे आधीच ठरलेले असावे.

शिक्षकांनी हवामान विभागाचा पिवळा, नारिंगी व लाल इशारा रोज फलकावर लिहावा आणि सुटी लागण्यापूर्वी जलसंजीवनी तयार करण्याचे प्रात्यक्षिक प्रत्येक वर्गात घ्यावे. मुले ते घरी नेतील. अधिकाऱ्यांनी शिबिरे, वाटप, मोजणी, समारंभ दुपारी १२ ते ४ या वेळेत ठेवू नयेत. रोजगार हमीच्या कामावर सावली, पिण्याचे पाणी व प्रथमोपचाराची पेटी या सोयी कागदावर आहेत की जागेवर आहेत, हे त्यांनी भर उन्हात जाऊन पाहावे.

या सूचनांपैकी बहुतेकांना मोठा निधी लागत नाही. लागतो तो वेळेवर घेतलेला निर्णय. साठ वर्षांपूर्वी बैलाच्या दुपारची काळजी नियमाने घेतली. आता त्याच रानात धसकटे वेचणाऱ्या बाईच्या दुपारची काळजी गावाने ठरावाने घ्यावी आणि येत्या नवतपापूर्वी तो ठराव अमलात आलेला असावा.