शेवटची पोळी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचं घर, बाड्याच्या चौकापासून चालत दहा मिनिटांवर. चार पिढ्या या शहरात गेल्यावर मराठी घराला इथलं वळण लागतंच. पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हा इकडचा रिवाज सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही आमच्या घरात होता. ती शेवटची पोळी गल्लीतल्या कुत्र्याला जायची. मोत्या आला आणि ती त्याच्या हक्काची झाली.

एका पोळीनं काही बिघडलं नसतं. पण सकाळी सहाला यांच्या चहातले दोन टोस्ट, शाळेच्या घाईत मुलांनी खाली सरकवलेला पराठा, दुपारी दूध-भात, आणि दिवसभर भरलेली ताटली. जय विलास महालात जेवणाच्या टेबलावरून चांदीची आगगाडी फिरायची, ती आठवते ना? आमच्याकडेही तशीच गाडी चालू होती, फक्त तिचं शेवटचं स्टेशन टेबलाखाली होतं. प्रत्येकाला वाटे, आपण तर एक घासच दिला.

मोत्या लॅब्राडोर. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये या जातीवर काम केलं, तेव्हा सुमारे पाव लॅब्राडोरांमध्ये एका जनुकात बिघाड आढळला. अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ इतरांपेक्षा जास्त असते. आमचा त्यात आहे की नाही कोण जाणे, पण तेव्हापासून त्याच्या केविलवाण्या डोळ्यांची साक्ष मी ग्राह्य धरत नाही.

पितृपक्षात मामंजींचं श्राद्ध होतं. वडे, पुऱ्या, खीर. कावळ्याचं पान ठेवलं, कुत्र्याचंही ठेवलं, आणि पाहुण्यांपैकी प्रत्येकानं मोत्याला आपल्या हातानं वेगळं दिलं. रात्री तो पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून उभा राहिला. मुलं म्हणाली, “आई, बघ, नमस्कार करतोय!” आम्ही हसलो. मी फोटोसुद्धा काढला. पोटात भयंकर कळ आली की कुत्रा असा उभा राहतो, हे पहाटे चौथ्या उलटीनंतर दवाखान्यात कळलं. तेलकट-तुपकट खाण्यानं स्वादुपिंडाला सूज आली होती. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “खिरीत बेदाणे होते का?” बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. सुदैवानं त्या दिवशी घातले नव्हते. तीन दिवस सलाईन लागलं.

मग वेळापत्रक केलं, आणि तेही आधी चुकलं. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच, अशा वेळा मी कागदावर ठरवल्या. आठवड्यात पहाटे पिवळ्या फेसाची उलटी सुरू झाली. पाच ते सात म्हणजे चौदा तास पोट रिकामं, त्यात पित्त साचत होतं. शिवाय पाचला घरी असायचं कोण?

शेवटी उपाय सासूबाईंच्या पोळीतच सापडला. आमच्याकडे रात्री आठला तवा उतरतो. लग्नकार्य असो की वीज गेलेली असो, ती वेळ चुकत नाही. मोत्याचं रात्रीचं जेवण त्या तव्याला बांधलं, आणि सकाळचं आठ वाजता, मुलं शाळेत गेल्यावर. पहाटेची उलटी थांबली. तुमच्या घरातही असं एखादं न चुकणारं काम असेल, त्यालाच कुत्र्याचं जेवण जोडा. गजराचं घड्याळ चार दिवसांनी कुणी ऐकत नाही.

ताटली वीस मिनिटं ठेवायची, मग उचलायची. पाणी मात्र कायम. पहिले दोन दिवस सकाळी मोत्यानं तोंड फिरवलं आणि घरात मला कसाई ठरवलं गेलं. धडधाकट मोठ्या कुत्र्यानं एक वेळ टाळली तर घाबरू नये. पूर्ण दिवस अन्न गेलं नाही किंवा तो मलूल दिसला, तर डॉक्टर गाठावा. पिल्लांवर हा प्रयोग मुळीच नको, ती उपाशी राहिली तर रक्तातली साखर उतरते. त्यांना तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोनदा द्यावं.

मापासाठी एकच वाटी ठेवली. कुत्र्याच्या कोरड्या खाण्याच्या पाकिटावर छापलेला आकडा दिवसभराचा असतो, आम्ही तो एका वेळचा समजत होतो! पोळी दिली की तेवढे दाणे कमी. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला तर बोटांना लागाव्यात. मोत्याच्या फासळ्या लागायला पाच महिने गेले. एक फायदा अनपेक्षित होता: जेवण ठरल्या वेळी, म्हणून शी-शूही ठरल्या वेळी. जिन्यावरची पुसापुशी संपली.

फ्रिजवर मुलांची जुनी पाटी टांगली आहे. जो खायला घालेल त्यानं खडूनं खूण करायची, म्हणजे दुसरा पुन्हा वाढत नाही. हे अजून चहाच्या वेळी पाटीकडे पाठ करून बसतात, टोस्टची बशी मात्र मी माझ्या बाजूला ठेवते.

सध्या जून आहे. पारा पंचेचाळिशीला टेकतो, म्हणून सकाळचं फिरणं साडेपाचला उरकतो आणि धाप पूर्ण बसल्यावर साडेसहाला वाढतो. ओलं अन्न तासाभरात आंबतं, ते उन्हाळ्यात बंद. रात्रीची वेळ मात्र तीच. आठ वाजता सासूबाई तवा उतरवतात, शेवटच्या पोळीचे चार तुकडे करतात आणि पाटीवर खूण करायला खडू शोधतात.