कँटोनीज भाषेतला पाऊस

कॅडेट मित्रांनो, नवी भाषा शिकताना आपण आधी नमस्कार आणि आकडे पाठ करतो. हवामानाचे शब्दही तितकेच लवकर लागतात. कँटोनीज ही हाँगकाँग, मकाव आणि चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातली बोली. एकट्या हाँगकाँगमध्ये वर्षाला सुमारे २,४०० मिलिमीटर पाऊस होतो.

मराठी मुलांना सुरुवात सोपी आहे. आपला पाऊस ‘पडतो’, त्यांचाही पडतो. ‘लोक’ म्हणजे पडणे, ‘यू’ म्हणजे पाऊस. फक्त क्रियापद आधी येते: ‘लोक यू’. आत्ता पडत असेल तर मध्ये ‘कन’ घालायचे: ‘लोक कन यू’. ‘ताइ’ म्हणजे मोठा, म्हणून ‘लोक ताइ यू’ म्हणजे जोराचा पाऊस. भुरभुर पाऊस म्हणजे ‘मोउ मोउ यू’. यातला ‘मोउ’ म्हणजे केस किंवा लव. ढग गडगडले की ‘हांग लोय’, शब्दशः ‘गडगडाट चालतो’. छत्रीला ‘चे’ म्हणतात. त्यातला च ‘चमचा’मधला, ‘चहा’मधला नव्हे.

खरी कसोटी सुरांची. कँटोनीजमध्ये सहा सूर आहेत. ‘यू’चा सूर खालून वर चढवला तर पाऊस, खाली उतरवला तर मासा! उच्चारासाठी शीळ घालताना करतो तसे ओठ गोल ठेवून ‘ई’ म्हणा.

आता सर्वांत महत्त्वाचे तीन शब्द. तासाला ३० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि तो चालू राहण्याची शक्यता असली, की हाँगकाँगची वेधशाळा पिवळा इशारा देते. ५० ला लाल, ७० ला काळा. लोक त्यांना ‘वोंग यू’, ‘हुंग यू’ आणि ‘हक यू’ म्हणतात, म्हणजे पिवळा, लाल आणि काळा पाऊस. ‘हक यू’ ऐकले की बाहेर पडायचे नाही. बाहेर असाल तर सुरक्षित आसरा गाठायचा. ७ सप्टेंबर २०२३ च्या रात्री तिथे एका तासात १५८.१ मिलिमीटर पाऊस कोसळला. १८८४ पासूनच्या नोंदींत तो सर्वाधिक होता. अशा रात्री हा शब्द न कळणारा पाहुणा रस्त्यावरच अडकेल.

परेडवर आज्ञा कानी पडताच पाऊल हलते. तसा शब्द ऐकताच अर्थ सुचला पाहिजे. त्यासाठी रोज सकाळी फॉल-इनपूर्वी आकाशाकडे पाहा आणि एक वाक्य मोठ्याने म्हणा. आज कोणते म्हणाल?