मोटारसायकल वाहतुकीसाठी बंद ट्रेलरची निवड

गोव्यात मोटारसायकल हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून प्रवासी नेणारे 'पायलट' सर्वांच्या परिचयाचे आहेत. दुचाकी भाड्याने देणे आणि दुरुस्त करणे यांवरही अनेकांचा चरितार्थ चालतो. अशा व्यावसायिकांना एकाच वेळी दोन मोटारसायकली चोर्ला घाटातून बेळगावकडे न्यावयाच्या झाल्यास बंद ट्रेलर उपयोगी पडतो. पाऊस, चिखल आणि चोरी यांपासून तो संरक्षण देतो. परंतु पेटी बंद असली म्हणजे वाहतूक सुरक्षित झाली, असे समजणे चुकीचे होय. सुरक्षितता मुख्यतः वजनाची वाटणी, ब्रेक आणि बांधणी यांवर अवलंबून असते.

ओढणारे वाहन : खरेदीपूर्वी आपल्या मोटारीची पुस्तिका पाहावी. तीत ओढण्याची क्षमता नमूद नसेल तर त्या मोटारीला ट्रेलर जोडू नये. क्षमता ठरविताना रिकाम्या ट्रेलरचे आणि मालाचे वजन एकत्र धरावे. रिकामा ट्रेलर 400 किलोचा आणि प्रत्येकी 190 किलोच्या दोन मोटारसायकली असल्यास एकूण वजन 780 किलो होते.

भाराची वाटणी : एकूण वजनाचा साधारणतः 10 ते 15 टक्के भार पुढील जोडणीवर यावा, असा सर्वमान्य संकेत आहे. वरील उदाहरणात तो 78 ते 117 किलो होतो. मात्र मोटारीच्या पुस्तिकेत दिलेली जोडणीवरील भाराची मर्यादा त्याने ओलांडू नये. ट्रेलर सपाट जागी ठेवून जोडणीचे टोक वजनकाट्यावर टेकविल्यास हा भार मोजता येतो. मागील बाजूस भार अधिक झाल्यास ट्रेलर वेगात डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो. असे घडल्यास एकदम ब्रेक दाबू नये व सुकाणू झटक्याने वळवू नये. सरळ धरून वेग हळूहळू कमी होऊ द्यावा.

ब्रेक व दिवे : घाट उतरताना भारलेला ट्रेलर मोटारीला मागून रेटतो. म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे इष्ट. बंद पेटीच्या उंच बाजूंवर वाऱ्याचाही जोर बसतो, याची चालकाने जाणीव ठेवावी. मागील दिवे, वळण दर्शविणारे दिवे आणि परावर्तक पट्ट्या यांविना ट्रेलर रस्त्यावर आणू नये.

आकार व उतरती फळी : मोठी मोटारसायकल सुमारे 2.1 मीटर लांब असते. दोन्ही वाहनांची हँडले एकमेकांत अडकू नयेत म्हणून एक थोडे पुढे व दुसरे थोडे मागे उभे करण्याइतकी लांबी आत हवी, तसेच माणसाला वाकून पट्टे बांधता आले पाहिजेत. चढविण्याची फळी जमिनीपासूनच्या उंचीच्या निदान तिप्पट लांब असावी. तळ 50 सेंटिमीटर उंच असल्यास दीड मीटर फळीवर 190 किलोची मोटारसायकल ढकलण्यास सुमारे 63 किलो वजनाइतका जोर लागतो. फळी आखूड केली की हा जोर वाढतो. म्हणून हे काम दोघांनी मिळून करावे.

बांधणी : तळातील कड्या पातळ फळीत नव्हे, तर लोखंडी चौकटीत पक्क्या बसविलेल्या असाव्यात. पुढील चाक खाचेत अडकवून दोन पट्टे पुढे व दोन मागे बांधावेत. केवळ स्टँडवर विसंबून राहू नये. थोडे अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा तपासावेत.

पेट्रोलची वाफ : ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. म्हणून वायुवीजनाची छिद्रे वर असतात तशी तळालगतही हवीत. टाकीत पेट्रोल अत्यल्प ठेवावे व त्याची तोटी असल्यास ती बंद करावी. मुक्कामी पोहोचल्यावर दारे उघडून काही वेळ हवा खेळू द्यावी. आत काडी ओढू नये किंवा इंजिन सुरू करू नये. ट्रेलरमध्ये माणसे तर कधीही बसवू नयेत.

मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील 'मोटार वाहन' या संज्ञेत ट्रेलरचाही समावेश होतो. म्हणून स्थानिक कारागिराकडून ट्रेलर बनवून घेण्यापूर्वीच नोंदणीविषयी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. किंमत आणि रंग यांचा विचार मागाहून करता येईल. कडी, ब्रेक आणि तळ मात्र स्वतः वाकून पाहूनच व्यवहार करावा.