काळी तलंग, गुलाबी जीभ

‘कोंबड्यांची मर गुरुजींनी आणली’ असं आमच्या गल्लीत अजून बोललं जातं. माझ्या तोंडावर नाही. तोंडावर ‘या गुरुजी, चहा घ्या’. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली अठरा या नवापूर तालुक्यात, पण आता माझी आठवण निघते ती त्या चाळीस तलंगांवरून. आणल्या मीच, कबूल. पण कुणाकडून आणल्या आणि त्याने काय सांगून माझ्या गळ्यात मारल्या, हे कुणी विचारत नाही. म्हणून लिहितो.

महाशिवरात्र तोंडावर होती. देवमोगऱ्याची यात्रा, मागोमाग भोंगऱ्या बाजार, मग होळी. या दिवसांत आमच्याकडे कोंबड्याला बोलाल तो भाव. तिथल्या याहामोगी मातेला मान लागतो, पाहुण्याला रस्सा लागतो. गावातली कोंबडी बाहेर जाते आणि रिकाम्या खुराड्यांवर डोळा ठेवून टेंपोवाले आत येतात. वर्षानुवर्षं बघतोय मी हे.

तो आला तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचत होतो. पांढरा टेंपो, मागे प्लॅस्टिकच्या जाळ्या, पोरगा तिशीचा. उतरल्या उतरल्या पाया पडला. एका वाक्यात दोनदा ‘गुरुजी’. शिक्षकाला काय लागतं हे या लोकांना बरोबर ठाऊक असतं. ‘प्युअर कडकनाथ आहे गुरुजी, झाबुआ लाइन. अडीच महिन्यांच्या तलंगा. लस कम्प्लीट.’ आणि शर्टाच्या खिशातून त्याने एक रिकामी कुपी काढून दाखवली.

त्या कुपीवर मी फसलो. आता विचार करतो तेव्हा स्वतःचाच राग येतो. टोचून झाल्यावर रिकामी कुपी कुणी खिशात जपून ठेवतं का? मंगळसूत्र आहे का ते? लस बर्फातली वस्तू, आणि ही कुपी त्याच्या अंगाच्या उबेने कोमट झालेली. माझ्या हातात होती ती. लेबल घासून पुसट झालं होतं, तारीख दिसत नव्हती. पाचवीच्या पोराने निबंधात असा पुरावा दिला असता तर मी लाल शाईने रेघ मारली असती.

तुरे राखाडी होते, मुळाशी जरा लालसर. विचारलं, तर म्हणाला, ‘वय वाढलं की काळे पडतात.’ चोच उघडून बघावी हे मला सुचलं नाही. साडेतीनशेला एक, चाळीस तलंगांचे चौदा हजार झाले. रोख दिले, पावती नाही.

बायको म्हणाली, ‘आठ दिवस मागच्या पडवीत वेगळ्या ठेवू, आपल्या गावरानांत नको.’ मी म्हणालो, लस झालेली आहे. हे वाक्य ती मला अजून, योग्य वेळ साधून, परत ऐकवते.

सहाव्या दिवशी सकाळी खुराडं उघडलं. सगळ्या बाहेर पडल्या, एक आतच. पंख खाली सोडलेले, डोळे मिटलेले, चोच उघडी, घशातून बारीक खरखर. खाली हिरवट-पांढरी पातळ विष्ठा. दुपारी आणखी दोन. दुसऱ्या दिवशी एक तलंग मान मागे वळवून आकाशाकडे बघत गोल गोल फिरत होती. दाणा टिपायला जायची, तर चोच दाण्याच्या बोटभर बाजूला पडायची. पाच-सहा वेळा तिने प्रयत्न केला. मग पाय पसरून पडली. मानमोडी म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला ते नाव आठवायचं नव्हतं.

त्याला फोन लावला. ‘पाणी बदललं गुरुजी, तुमच्याकडचं पाणी जड. काहीच व्हत नही.’ दुसऱ्या दिवशी, ‘गूळ-हळद द्या.’ तिसऱ्या दिवशी लसूण. तोवर नऊ मेल्या होत्या आणि माझी जुनी कोंबडी, जी तीन वर्षांत कधी शिंकली नव्हती, ती कोपऱ्यात उभी होती. चौथ्या दिवशी म्हणाला, ‘मी गुजरातमध्ये आहे, रेंज नाही.’ नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. आमच्याकडे गुजरातेत जायला बाकावर जरा सरकावं लागतं. पण त्या पोराच्या तोंडी गुजरात म्हणजे साता समुद्रापार. त्यानंतर फोन बंद.

आता माझी चूक. दोन दिवस मी कुणाला कळवलं नाही. बाहेरच्याला हे समजायचं नाही, नवापूरवाल्याला समजेल. १८ फेब्रुवारी २००६ला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू जाहीर झाला तो आमच्या तालुक्यात. मी तेव्हा शाळेत होतो. पांढरे झगे घातलेली माणसं, चुना, खड्डे. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांचं तर गेलंच, पण माझ्या वर्गातल्या पोरांच्या दारच्या चार-चार कोंबड्याही पोत्यात गेल्या. अंड्याची कोंबडी, ब्रॉयलर, पिल्लू, प्रत्येकाचा वेगळा सरकारी दर होता. एका पोराने मला विचारलं होतं, ‘सर, तिच्या पोटात अंडं होतं, त्याचे किती?’ मग २०२१च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच. त्यामुळे इथे कोंबडी मेली की माणूस आधी दार लावतो. मीही लावलं. गावच्या सगळ्या कोंबड्या माझ्यामुळे जातील, ही भीती.

भीतीपायी गप्प बसणं चूक, हे मी आता ठासून सांगतो, आणि त्यातला व्यवहारही सांगतो. बर्ड फ्लू निघालाच, तर भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्याची. आधीच मेलेल्याचा पैसा नाही. म्हणजे लपवण्यात एक-एक दिवस गेला, की तेवढे पक्षी हिशेबातून जातात. शिवाय मानमोडी आणि बर्ड फ्लू यांची लक्षणं इतकी सारखी असतात, की डोळ्यांनी फरक सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. सांगणारे मात्र गल्लीत डझनभर आहेत.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण, शांत. किती मेल्या, कधीपासून, कुठून आणल्या, सगळं लिहून घेतलं. मेलेल्या कोंबडीला हात लावायच्या आधी मोजे-मास्क चढवले, नमुने पुण्याला पाठवले आणि मला सांगितलं, अहवाल येईपर्यंत एकही पक्षी दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. ते चार दिवस मी विसरणार नाही. बायका माझ्या दारावरून जाताना पदर नाकाला लावायच्या.

अहवाल आला, बर्ड फ्लू नाही. त्या दिवशी सकाळी मेलेली तलंग घेऊन मी गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, थांबा गुरुजी, उघडून बघू. मागच्या अंगणात, पोत्यावर. पोटाची कातडी त्यांनी दोन बोटांनी सोलली आणि थांबले. आतलं मांस गुलाबी होतं. चारचौघींसारखं, साधं गुलाबी. कडकनाथची कातडी सोडा, मांस काळपट असतं, हाडाच्या वरचं आवरणसुद्धा काळं. त्यांनी चोच उघडून जीभ दाखवली. तीही गुलाबी. मग पेषणीच्या अलीकडचा जठराचा भाग उभा चिरला. आतल्या अस्तरावर लालभडक टिपके होते, लाल शाईचा पेन झटकल्यासारखे. ‘दोन गोष्टी आहेत गुरुजी,’ ते म्हणाले. ‘ही कडकनाथ नाही. आणि हिला लस नाही.’

चौदा हजार मी तिथे पोत्यावर पडलेले बघितले. पण खरं सांगू, आधी सुटल्यासारखं वाटलं. माझ्या पाण्यात, माझ्या दाण्यात, माझ्या हातात दोष नव्हता.

कडकनाथच्या नावाने फसणारा मी एकटा नाही, हेही लिहून ठेवतो. झाबुआच्या कडकनाथला २०१८ला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं, आणि २०१९मध्ये त्याच नावावर सांगली-कोल्हापूरकडचे हजारो शेतकरी पोळले. ते वाचून मी तेव्हा ‘लोक इतके भोळे कसे’ म्हणालो होतो. पेपरात दुसऱ्याचं वाचताना माणूस फार हुशार असतो.

चाळीसपैकी तीन वाचल्या. माझ्या बावीस गावरानांपैकी पाच. आणि शेजारच्या मावशींच्या चौदांतल्या अकरा गेल्या. हे मला लागलं. त्या कोंबड्यांवर त्यांच्या नातीच्या वह्या यायच्या, दुखण्याखुपण्याला एखादी विकली जायची. मावशी भांडल्या नाहीत. रिकामं डालगं ओट्यावर उपडं घालून ठेवलं, माझ्या ओट्यासमोर, आणि दोन महिने ते उचललं नाही. नंतर मी त्यांना चांगल्या जागेहून तीन तलंगा आणून दिल्या. घेतल्या. बोलल्या नाहीत.

पण बाकीच्यांचं काय? डॉक्टर म्हणाले होते, पक्षी दाराबाहेर जाऊ देऊ नका. माझा एकही गेला नाही. मेलेल्या सगळ्या मी तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. आणि जे आज मला ‘मर आणणारा’ म्हणतात, त्यांतल्या तिघांनी मान टाकू लागलेल्या कोंबड्या रातोरात पिशवीत घालून आठवडे बाजारात नेल्या. एकाने मेलेल्या नाल्यात फेकल्या, कुत्र्यांनी गावभर ओढल्या. मर माझ्या खुराड्यातून निघाली असेल. चार पाड्यांत पोचवली कुणी, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तक्रार द्यायला गेलो, तर एका कार्यालयात हसले. ‘कोंबडी काळी नाही निघाली म्हणून तक्रार?’ पावती नव्हती, त्यामुळे मीही फार बोललो नाही. तेव्हा पैसे द्यायचेच असतील तर फोनवरून द्या, निदान नाव-नंबर मागे राहतो. टेंपोचा फोटो काढा. काढू देत नसेल, तर उत्तर मिळालं समजा.

आणि विकत घेताना पक्ष्याकडे नंतर बघा, आधी जाळीच्या तळाशी बघा. हिरवं-पांढरं दिसलं की घरी या. चोच उघडा, जीभ बघा, शेपटीखालची पिसं चिकटलेली आहेत का बघा. टेंपो चार बाजार फिरून आलेला असतो आणि प्रत्येक बाजारातलं काही ना काही त्या जाळीत असतं. यात्रेच्या, होळीच्या आधी तर घेऊच नका. नवीन पक्षी तीन आठवडे वेगळा. आठ दिवस नव्हे, तीन आठवडे; आणि वेगळा म्हणजे पाण्याचं भांडं, दाणा, खराटा, सगळं वेगळं. आधी जुन्यांना दाणा टाकायचा, मग नव्यांकडे जायचं, उलट नाही. चपलासुद्धा रोग इकडून तिकडे घेऊन जातात.

मानमोडीच्या लसीचं वेळापत्रक कोणीही सांगेल: सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आठव्या आठवड्यात पंखाखाली आर-टू-बी. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. कुपी मिळते शंभर डोसांची, आणि घरी कोंबड्या बारा. एकदा औषध कालवलं की दोन तासांत संपवावं लागतं. म्हणून कुणी आणतच नाही, आणि मेडिकलवाल्याच्या फ्रिजमधून पिशवीत घालून उन्हातून आणली तर ती लस राहत नाही, नुसतं पाणी होतं. बर्फ घातलेला थर्मास पाहिजे. कोंबडी दिवसा पकडायला जाल तर अख्खी आळी पळवेल; रात्री खुराड्यात बसल्यावर एकेक हातात घ्यावी, निमूट येते. आजारी पडल्यावर मात्र लस द्यायला धावू नका, उपयोग नसतो. गूळ-हळदीने ही मर थांबत नाही, लसणानेही नाही.

स्वच्छता ठेवा, ताजं पाणी द्या, खुराडं कोरडं ठेवा, वगैरे सगळ्यांना माहीत आहे. मुंगूस, घार, रानमांजर यांच्याबद्दल मी काय सांगणार? त्यांनी मला वर्षाला चार-दोन कोंबड्यांपलीकडे कधी लुटलं नाही, आणि पायाही पडले नाहीत.

तो पांढरा टेंपो या वर्षीही यात्रेच्या आधी दिसला. माझ्या गल्लीत वळला नाही.

आता दर तीन महिन्यांनी माझ्याकडे थर्मास येतो. आमच्या गल्लीत या घडीला एकाहत्तर कोंबड्या आहेत, मावशींच्या धरून. म्हणजे दर वेळी एकोणतीस डोस जमिनीत पुरावे लागतात. शेजारच्या पाड्यांवरच्या लोकांनी, मला नावं ठेवणाऱ्यांनीही, डालगी झाकून रात्री आठनंतर यावं. पैसे नकोत. फक्त कोंबडी आजारी असेल तर आणू नका, आधी सांगा.