जलपर्णीचा लोंढा : पाळत आणि पूर्वसूचना

परभणी तालुक्यातील पेडगाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही कॅरिबियन बेटांवरील शेतकरी व कोळी ज्या संकटास तोंड देत आहेत, त्यातून येथील शेतकरी बंधूंना घेण्यासारखे पुष्कळ आहे. सन २०११ पासून त्या बेटांच्या किनाऱ्यांवर सरगॅसम नावाचे तरंगते समुद्रशेवाळ ढिगांनी येऊन पडते. २०१८ साली अटलांटिक महासागरातील त्याचा पट्टा सुमारे ८,८५० किलोमीटर लांब पसरला होता. उपग्रहाच्या चित्रांवरून शेवाळ कोठे आहे ते पाहून, आणि वारा व प्रवाह यांचा हिशेब करून, ते कोणत्या किनाऱ्यास लागेल याचा अंदाज वर्तविला जातो. परंतु आभाळ ढगाळले की चित्र अपुरे पडते. किनाऱ्यावर मोजणी करणारा मनुष्य लागतोच.

गोड्या पाण्यात हाच उपद्रव जलपर्णी करते. शहरांच्या सांडपाण्यावर ती पोसते, साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. आज एक गुंठा दिसणारी जलपर्णी बारा आठवड्यांत ६४ गुंठे, म्हणजे दीड एकराहून अधिक जागा व्यापू शकते. तिचा थर बंधाऱ्याच्या दारांशी अथवा चारीच्या तोंडाशी अडकला, तर पाणीपाळी चालू असूनही शेवटच्या टोकाचा हरभरा कोरडाच राहतो. दोष मात्र बहुधा वरच्या शेतकऱ्यास दिला जातो!

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या जागी उभे राहून जलपर्णीचे क्षेत्र गुंठ्यांत, वाऱ्याची दिशा व पाण्याची पातळी वहीत नोंदवावी. प्रवाहाचा वेग काढण्यास सुका नारळ पुरतो. तो १०० मीटर अंतर पाच मिनिटांत गेला, तर वेग ताशी १.२ किलोमीटर होय. सहा किलोमीटर वरचा लोंढा सुमारे पाच तासांत पोहोचेल. समोरून वारा असल्यास अधिक वेळ लागेल. पहिल्या पुराच्या वेळी वरच्या गावाकडून आलेला एक निरोप म्हणूनच मोलाचा ठरतो.

वाऱ्याने जलपर्णी एका काठाशी लोटली असेल, तो दिवस काढणीस साधावा. ती फुलावर येण्यापूर्वी मुळांसह काढावी, कारण तिचे बी गाळात कित्येक वर्षे जिवंत राहते. काढलेला ढीग पूररेषेच्या वर, पाण्यापासून दूर टाकावा. तो काठावरच सोडल्यास पुढील पूर तो पुन्हा पाण्यात नेतो.