रडवणारं पुस्तक आणि आम्ही चौदा जणी

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी म्हणजे शाळेत आठवड्याचे चार तास आणि घरी आजीशी बोलण्यापुरतं. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर मी पळूनच जाणार होते. पण संपादक म्हणाले, "बोलतेस तसं लिही, र्‍हस्व-दीर्घ आम्ही बघतो." म्हणून हे धाडस! लेख कसा लिहितात ते मला माहीत नाही, पण जर्नल कसं लिहितात ते मात्र पाठ आहे. तेव्हा हा लेख जर्नलसारखाच लिहिला आहे. फरक एवढाच, की हे जर्नल मी कुणाचं बघून उतरवलेलं नाही.

उद्देश

एकच पुस्तक काही जणींना ढसाढसा रडवतं, काहींना हसवतं आणि एखादीला अगदी गप्प करतं. असं का होतं, याचा अभ्यास करणे.

साहित्य

जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' ही कादंबरी, प्रत एक. अप्पा बळवंत चौकातून सेकंड हँड घेतलेली, कव्हरला सेलोटेप लावलेला. गर्ल्स होस्टेलमधल्या चौदा मुली (मी धरून). आणि पी.एल.चे दिवस, कारण अभ्यास असला की इतर सगळं वाचून होतं, हे आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. (शेवट आधी कळलेला चालत नसेल त्यांनी पुस्तक वाचून मगच इकडे यावं.) हेझल ही इंडियानापोलिसमधली सोळा वर्षांची मुलगी. तिला थायरॉइडचा कॅन्सर आहे आणि तो फुप्फुसात पसरलेला आहे. नाकात नळी, मागे चाकांवर ऑक्सिजनचा सिलिंडर. कॅन्सर झालेल्या मुलांच्या सपोर्ट ग्रुपमध्ये तिला सतरा वर्षांचा ऑगस्टस भेटतो. हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा एक पाय काढलेला आहे. दोघं प्रेमात पडतात. हेझलची एक आवडती कादंबरी आहे (ती काल्पनिक आहे, शोधायला जाऊ नका!). ती अर्ध्या वाक्यातच संपते. पुढे काय झालं हे लेखकालाच विचारायला दोघं ॲमस्टरडॅमला जातात. लेखक निघतो दारुडा आणि उर्मट. उत्तर मिळत नाही. आणि परत आल्यावर हेझलच्या आधी ऑगस्टसच जातो.

ही कादंबरी १० जानेवारी २०१२ ला प्रसिद्ध झाली. ग्रीन यांनी कॉलेज संपल्यावर काही महिने कोलंबस शहरात लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये चॅप्लिन म्हणून, म्हणजे पेशंटच्या घरच्यांना धीर देणारा माणूस म्हणून काम केलं होतं. पुस्तक त्यांनी एस्थर अर्ल या मुलीला अर्पण केलं आहे. थायरॉइडच्या कॅन्सरने ती २०१० मध्ये सोळाव्या वर्षी गेली. पहिल्या आवृत्तीच्या दीड लाख प्रतींवर ग्रीन यांनी स्वतः सह्या केल्या होत्या. आपल्याकडे साठ जर्नलवर सह्या करताना सर कसे कंटाळतात ते आठवा!

निरीक्षणे

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी पेनाने एक टेबल आखलं. पहिल्या कॉलममध्ये सही, दुसऱ्यात 'रडलीस का? हो / नाही'. हा कॉलम नंतर मला चांगलाच महागात पडला. पण ते पुढे.

गट अ : रडणाऱ्या. चौदापैकी नऊ. एकीने रूममेटची झोप मोडायला नको म्हणून रात्री तीन वाजता पॅसेजमधल्या ट्यूबलाइटखाली बसून पुस्तक संपवलं. रेक्टर मॅडम राउंडला आल्या, त्यांना वाटलं हिच्या घरी काहीतरी झालं. "मॅडम, ऑगस्टस गेला," असं ती म्हणाली. मॅडमनी आधी तिला पाणी दिलं आणि मग विचारलं, "कुठल्या ब्रँचचा होता?"

गट ब : हसणाऱ्या. चार. त्यांचा मुद्दा एकच, सतरा वर्षांचा मुलगा असं बोलतो का? आमच्या वर्गातले मुलगे तर "असाइनमेंट दे ना" याच्या पुढे जात नाहीत. गंमत सोडा, पण पुस्तकातली मुलं वयापेक्षा फार हुशार बोलतात, ही तक्रार परदेशातल्या समीक्षकांचीही होती. २०१३ मध्ये ब्रिटनच्या 'डेली मेल' या वृत्तपत्राने तर किशोरांसाठीच्या अशा आजारपणाच्या कादंबऱ्यांना 'सिक-लिट' असं नाव ठेवलं होतं.

गट क : शंका काढणाऱ्या. एक, अर्थात केमिकलची. घरी हेझल जे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरते, त्याला तिने फिलिप हे नाव दिलेलं आहे. आमच्या केमिकलवालीने प्रेमकथा बाजूला ठेवून आम्हाला फिलिप समजावून सांगितला. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. हवा दाबाने झिओलाइटच्या कॉलममधून सोडली की झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं आणि पुढे साधारण ९० ते ९५ टक्के ऑक्सिजन मिळतो. दाब कमी केला की नायट्रोजन सुटतो. तोपर्यंत दुसरा कॉलम काम करत असतो. २०२१ च्या कोविडच्या लाटेत घरोघरी जे मशीन शोधत होते, ते हेच. एवढं सांगून ती म्हणाली, "म्हणजे लाइट गेली की ही मुलगी संपली." आणि मग तिचाही आवाज बसला. तिला मी शेवटी गट अ मध्येच धरलं, नऊ झाल्या त्या तिच्यासकट.

गट ड : एकच. आमच्या मजल्यावरची सिव्हिलची मुलगी. तिने दोन दिवसांत पुस्तक परत आणून माझ्या टेबलावर ठेवलं. सही केली होती, दुसरा कॉलम कोरा. मेसमध्ये सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, "अगं, हो की नाही ते तरी लिही! की तुला हृदयच नाहीये?" सगळ्या हसल्या. ती ताट उचलून निघून गेली.

थिअरी

माझी आजी शाळेत मराठी शिकवायची. फोनवर तिला हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, अभ्यास कर. पण तिने माझी शिकवणीच घेतली.

ती म्हणाली, दुःखाची गोष्ट वाचून माणसाला बरं का वाटतं, हा प्रश्न तुझ्या होस्टेलपेक्षा खूप जुना आहे. ग्रीकांमध्ये ॲरिस्टॉटलने सांगितलं, की शोकांतिकेने भीती आणि करुणा जागी होते आणि मन निवळतं. आपल्याकडे भरतमुनींनी करुण रसाचा स्थायिभाव शोक सांगितला. पण शोक म्हणजे करुण रस नव्हे. नाटकातल्याचं दुःख हे 'त्याचं' राहत नाही आणि 'माझं'ही होत नाही, ते सगळ्यांचं होतं. त्याला साधारणीकरण म्हणतात. आजीच्या भाषेत सांगायचं तर खऱ्या शोकात माणूस बुडतो, रसात काठावर बसून भिजतो.

मग तिने अभिनवगुप्ताचं नाव घेतलं. हजार वर्षांपूर्वीचा काश्मीरचा पंडित. रसाच्या आड काय काय येतं, ती सात विघ्नं त्याने सांगितली आहेत. त्यातलं एक विघ्न म्हणजे वाचणारा किंवा बघणारा स्वतःच्याच सुखदुःखाने घेरलेला असणं. तसं असलं की काठ राहतच नाही.

मला लगेच 'दिल बेचारा' आठवला, याच कादंबरीवरचा हिंदी सिनेमा. सुशांतसिंह राजपूत १४ जून २०२० ला गेला आणि सिनेमा २४ जुलैला आला. तेव्हा आम्ही सगळ्या शाळेत होतो. घरात बसून रडलो, पण कुणासाठी, त्या हिरोसाठी की त्या नटासाठी, ते आजही सांगता येणार नाही.

आजीने शेवटी विचारलं, "जी रडली नाही, तिला तू विचारलंस का गं, तिच्या घरी काय झालंय ते?"

मी विचारलं नव्हतं.

सोर्सेस ऑफ एरर

गच्चीवर ती कपडे वाळत घालत होती. मी सॉरी म्हटलं. ती बराच वेळ चिमटेच लावत राहिली. मग म्हणाली, "ऑगस्टसला जे होतं ना, तेच माझ्या दादाला होतं."

ती तेव्हा आठवीत, दादा बारावीत. गुडघ्याच्या वर सूज आली. सगळ्यांना वाटलं खेळताना लागलं असेल. तेल चोळून झालं, शेक देऊन झाला. रात्री दुखायचं. शेवटी निदान झालं, ऑस्टिओसार्कोमा. केमो, ऑपरेशन, परत केमो. हाडाचा तेवढा तुकडा काढून धातूचा सांधा बसवला, त्यामुळे पाय वाचला. आज तो नोकरी करतो, थोडा लंगडतो, आणि हिने रिचार्ज मारायला सांगितला की आधी भांडतो.

"तो जिवंत आहे," ती म्हणाली, "आणि त्याच्यावर कुणी कादंबरी लिहिणार नाही. गोष्टीत जो मरतो तोच हिरो असतो."

यावर मी नंतर थोडं वाचलं. ऑस्टिओसार्कोमा नेमका उंची वाढण्याच्या वयात आणि बहुतेक वेळा गुडघ्याजवळच होतो. पसरण्याआधी सापडला आणि पूर्ण उपचार मिळाले तर दहापैकी साधारण सहा-सात जण वाचतात. हेझलला जो थायरॉइडचा कॅन्सर आहे, तो तर आपल्या वयात बहुतेकांचा बरा होतो. म्हणजे कादंबरी रँडम सॅम्पल घेत नाही, जे रडवेल तेच सॅम्पल घेते. हा तिचा गुन्हा नाही, पण रीडिंग घेताना एवढं लक्षात ठेवायला हवं. (आणि हाडाची सूज किंवा रात्रीचं दुखणं काही आठवडे राहिलं, तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरला दाखवा.)

मी तिला विचारलं, "मग पुस्तक तुला आवडलंच नाही?"

ती म्हणाली, "ऑगस्टसचं काही वाटलं नाही गं. पण ती आई आहे ना हेझलची..."

तो भाग मी अक्षरशः पानं उलटून वाचला होता, कारण त्यात ऑगस्टस नाही! म्हणून परत वाचला. हेझल एकदा आय.सी.यू.मध्ये मरणाच्या दारात असताना तिची आई रडत म्हणते, की आता मी आई राहणार नाही. हेझल ते ऐकते आणि तिच्या मनात ते रुतून बसतं. ॲमस्टरडॅमच्या लेखकाला ती जे विचारायला जाते, त्यातला मोठा प्रश्न असतो, गोष्टीतली मुलगी गेल्यावर तिच्या आईचं पुढे काय होतं? म्हणजे ती परक्या आईच्या आडून स्वतःच्या आईबद्दल विचारत असते. त्या लेखकाची स्वतःची लहान मुलगी ल्युकेमियाने गेलेली असते, त्याच्याकडे उत्तर नसतंच. उत्तर शेवटी घरीच मिळतं. आई गुपचूप सोशल वर्कचा अभ्यास करत असते, अशा दुसऱ्या घरांना आधार देता यावा म्हणून. ती लपवत असते, कारण हेझलला वाटेल आपल्यानंतरची तयारी चालली आहे. आणि हेझलला उलट आनंद होतो. आई उरणार आहे!

माझी मैत्रीण म्हणाली, "माझ्या आईने दादाच्या वेळी शिकवण्या बंद केल्या, त्या परत सुरूच केल्या नाहीत. दादा बरा झाला. आई अजून रात्री उठून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बघते. तिला कुणी विचारलंच नाही, तुझं पुढे काय." मग बादली उचलताना म्हणाली, "रडू आलं असतं तर लिहिलं असतं मी 'हो'. मला आईला फोन करावासा वाटला. त्याला तुझ्या टेबलात जागा नव्हती."

निष्कर्ष

१. रडणं हे पुस्तकाचं माप नाही. ते पुस्तक आणि वाचणारी यांच्यामधल्या अंतराचं रीडिंग आहे. अंतर बरोबर असेल तर अश्रू येतात, फार कमी असेल तर आवाजच जातो.

२. जी रडली नाही तिने कमी वाचलं असं नाही. आम्ही नऊ जणी ऑगस्टससाठी रडलो आणि लेखकाने ज्या प्रश्नासाठी हेझलला ॲमस्टरडॅमला पाठवलं, तो प्रश्न एकटीने वाचला.

३. चौदा रीडिंगमधलं एक वेगळं आलं तर ते चूक म्हणून खोडायचं नसतं. हे पहिल्या वर्षी फिजिक्सच्या लॅबमध्ये शिकवलं होतं. मला ते तिसऱ्या वर्षी मेसमध्ये कळलं.

तो 'रडलीस का' कॉलम मी खोडला आणि शेजारी नवीन आखला, 'कुणाची आठवण आली?' सगळ्यांत आधी तिनेच भरला. एकच शब्द लिहिला, आई. बाकीच्यांनीही आपापलं लिहिलं, ते इथे देत नाही.

त्या रविवारी तिने घरी फोन केला आणि मधेच फोन माझ्या हातात दिला. काकू म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकामुळे ही मला रोज विचारते, शिकवण्या कधी सुरू करतेस म्हणून. आता काय करायचं मी?" मी म्हटलं, "सुरू करा ना, काकू." त्या हसल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही पण म्हणाल्या नाहीत.

पुस्तक सध्या रेक्टर मॅडमकडे आहे. दहा दिवस झाले, त्या काहीच बोललेल्या नाहीत. आम्ही विचारणारही नाही.